सुरमईवरून काढलेला पगार

आमच्या घरी पानं मांडायच्या आधी माणसं मोजावी लागत. घरची माणसं तीनच, आई, बाबा आणि मी. पण जेवणारी कधी पंधरा असत, कधी पंचवीस, आणि परळच्या हॉस्पिटलांमध्ये पाळी बदलली की त्याहूनही जास्त. आई खानावळ चालवायची. लालबागच्या चाळीतली दुसऱ्या मजल्यावरची कोपऱ्यातली खोली, तिच्यासमोरची गॅलरी आणि शेजारच्या सावंतकाकूंनी मोठ्या मनाने वापरू दिलेला त्यांच्या दारापुढचा तुकडा, एवढंच तिचं हॉटेल. आजीच्या काळात तिथे गिरणीत कामाला असलेले गाववाले जेवत. गिरण्या बंद झाल्या, गाववाले पांगले, आणि त्यांच्या पाटांवर हॉस्टेलच्या मेसला कंटाळलेल्या सिस्टर येऊन बसल्या. आईला त्यात विशेष फरक वाटला नाही. गिरणीतही तीन पाळ्या, हॉस्पिटलातही तीन पाळ्या. पहिल्या पाळीवाल्या यायच्या आत तिचं वाटण तयार असे, आणि रात्रपाळी संपवून येणाऱ्यांसाठी पेज झाकून ठेवलेली असे.

त्या खोलीचे आवाज अजून माझ्या कानात आहेत. विळीवर नारळ खवल्याचा, रव्यात घोळलेली तुकडी तव्यावर पडल्याचा, आणि त्या सगळ्यावर सिस्टरांच्या गप्पांचा. ह्या बायका जेवताना काय काय बोलत! कुणाच्या जखमेत किती पू झाला, कुणाला एनिमा देताना काय घडलं, कुठल्या डॉक्टरला शीर सापडत नाही. तोंडाने हे चालू आणि हाताने कुळथाची पिठी भातावर ओतणं चालू. बाबा बिचारे आपलं ताट घेऊन आत स्टोव्हकडे तोंड करून बसायचे. मला मात्र त्या गप्पांची गोडी लागली. शाळेतल्या मैत्रिणी सिनेमाच्या गोष्टी सांगायच्या, आणि मी त्यांना ताप उतरवण्यासाठी पट्ट्या कुठे ठेवायच्या ते सांगायचे. त्यामुळे मला फारशा मैत्रिणी नव्हत्या, हे ओघाने आलंच.

खानावळीचा एक नियम आजीपासून चालत आला होता. पानावर बसलेल्या माणसाला त्याच्या पगाराचं विचारायचं नाही. बाकी काहीही विचारा. लग्न का जमत नाही विचारा, सासू कशी आहे विचारा, पोट साफ होतं का विचारा. आई हे सगळं विचारायचीच. पण पैशाचं नाही. काही जणी रोखीने जेवत, काही जणी महिन्याने देत, आणि कोण किती देणं लागते ते आई डोक्यात ठेवायची. तिच्या डोक्यातला आकडा चुकला असं मी कधी ऐकलं नाही. आता माझ्या मोबाइलमध्ये सगळं असतं, आणि तरी दूधवाल्याचे किती दिले ते मला आठवत नाही.

मी बारावी सायन्स पास झाले. गुण बरे होते, डॉक्टर होण्याएवढे नव्हते, आणि मला डॉक्टर व्हायचंही नव्हतं. मला नर्स व्हायचं होतं हे अख्ख्या चाळीला ठाऊक होतं. प्रश्न कुठली नर्स व्हायचं हा होता. माझं नाव दोन ठिकाणी लागलं. एक, सरकारी शाळेतला नर्सिंगचा डिप्लोमा: तीन वर्षं, फी नावापुरती, राहायला हॉस्टेल आणि वर दर महिन्याला थोडा स्टायपेंड. दुसरी, शीवच्या पलीकडच्या एका खाजगी कॉलेजातली बी.एस्सी. नर्सिंग: चार वर्षं, आणि फी अशी की बाबांनी कागद दोनदा उलटा करून पाहिला, मागे काही सवलत लिहिली आहे का म्हणून. हॉस्टेल आणि मेस धरून जवळपास तीन लाख रुपये. एवढे पैसे आमच्या घरात कुणी एकत्र पाहिलेले नव्हते. म्हणजे बँकेचं कर्ज. दोन्हीकडे आठवड्याभरात होय किंवा नाही कळवायचं होतं.

मला डिग्री हवी होती. कारण होती लिसी सिस्टर. लिसी केरळची, आमच्याकडे जेवणाऱ्यांमध्ये डिग्रीवाली ती एकटी. बोलायची हिंदी-मराठीची खिचडी, पण शिकवायची अशी की ऐकत राहावं. नव्या ट्रेनी मुली तिच्या शेजारी बसायला धडपडायच्या. एकदा तिने माझाच हात पुढे ओढला, दंडाला आईचा पदर बांधला आणि सुई कुठे, किती तिरकी घालायची ते बोटाने दाखवलं. त्या मुली माझ्या हातावर वाकून बघत होत्या आणि मी लिसीच्या तोंडाकडे बघत होते. आपण एक दिवस असं शिकवायचं, हे मी तेव्हाच ठरवून टाकलं. आणि शिकवायचं तर डिग्री लागते, हेही तिनेच सांगितलं होतं.

बाबा माझ्या बाजूने होते. गिरणी बंद पडल्यावर ते दादरला एका कापडाच्या दुकानात लागले होते. जे कापड आयुष्यभर विणलं ते आता गिऱ्हाइकापुढे उलगडायचं आणि परत घडी घालून ठेवायचं. पण शर्टाला कडक इस्त्री असायची आणि बोलण्यात रुबाब. "आमच्या खानदानात पहिली डिग्री," असं त्यांनी मला प्रवेश मिळायच्या आधीच दुकानात सांगून पेढे वाटले होते. त्यामुळे त्यांना मागे फिरणं कठीण होतं. आई काही बोलत नव्हती. आई बोलत नाही म्हणजे ती काहीतरी मोजते आहे, हे आम्हा दोघांना कळायला हवं होतं.

चौथ्या का पाचव्या दिवशी तिने निकाल दिला. बाबा चहा पीत होते, मी कोथिंबीर निवडत होते.

"माका डिग्री नको," आई म्हणाली. "डिप्लोमाच बरो."

"कित्याक?" बाबांनी कप खाली ठेवला.

"डिग्रीवाल्यांका पगार कमी असता."

"तुका कोणी सांगला?"

"कोणी कित्याक सांगूक व्हया? माका दिसता मा!" आणि मग आईने आपलं संशोधन आमच्यापुढे ठेवलं. विचारायची सोय नव्हती, म्हणून ती इतके दिवस ताटं बघत होती. महिन्याची वीस तारीख उलटली की कोण काय मागतं, ह्यावर तिची नजर होती. मालती सिस्टर डिप्लोमावाली, एका खाजगी नर्सिंग होममध्ये कामाला. ती पंचवीस तारखेलासुद्धा सुरमईची तुकडी घेते, कधी दोन घेते, वर सोलकढी. आणि लिसी? चार वर्षं शिकलेली, इंग्रजी फाडफाड बोलणारी लिसी पंधरा तारखेनंतर फक्त आमटी-भात खाते. कधी आईने आग्रह केला तर स्वस्तातली दोन मांदेली. "आता तूच सांग," आई मला म्हणाली, "पगार कोणाक जास्त?"

हसू नका. आमच्या घरात माशावरून माणूस ओळखायची पद्धत होतीच. कोण गावाहून नुकता आला, कोणाच्या घरी भांडण झालं, कोणाची बायको माहेरी गेली, सगळं आई ताटावरून सांगायची आणि ते खरं निघायचं. तेव्हा तिचं म्हणणं खोडून काढायला आमच्याकडे काही नव्हतं. मी नुसती रडकुंडीला आले. शिकवायचं स्वप्न एका आमटीच्या वाटीत बुडताना मला दिसत होतं, आणि आईवर राग काढावा तर ती माझ्याच भल्याचं बोलत होती.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. दुपारच्या पंगतीला मालती आणि लिसी दोघी होत्या, आणखी पाचसहा जणी होत्या. बाबांना सुट्टी, ते वाढायला मदत करत होते. मालतीने नेहमीप्रमाणे सुरमई मागितली. लिसीने नेहमीप्रमाणे नाही म्हटलं. मी हातात भाताचं पातेलं घेऊन उभी होते आणि मला काय झालं कोण जाणे, मी मोठ्याने विचारलं, "लिसी सिस्टर, तुम्हाला पगार किती मिळतो?"

आतून आईचा झारा तव्यावर पडल्याचा आवाज आला. आजीपासून चालत आलेला नियम मी भर पंगतीत मोडला होता. आई पदराला हात पुसत दारात आली. तिचा चेहरा बघून मला वाटलं, आज मी डिग्रीही नाही, डिप्लोमाही नाही, सरळ गावाला.

"गो, तुझ्या जिभेक काय हाड?" आई म्हणाली. "लिसी, तू जेव. चेडवाक अक्कल नाय."

पण लिसी रागावली नाही. तिने घास संपवला आणि विचारलं, "क्यूं पूछती है तू? सांग ना." मग माझा बांध फुटला. मी रडत रडत सगळं सांगून टाकलं, दोन कॉलेजं, कर्ज, वीस तारीख, सुरमई आणि आमटी. आई मला गप्प करायला खुणा करत होती. माझं बोलणं संपलं तेव्हा पहिली हसली ती मालती. ती साताऱ्याकडची, हसायला लागली की भिंतीला टेकावं लागे.

"अवो काकी," ती म्हणाली, "माझा पगार पंधरा तारखेलाच संपतोय! साड्या, भिशी, भावाला पैसं. म्हणून तर इथं सुरमई खाते. बाजारात उधार कोण देतंय? तुमी देता! हातात पैसं असले की मी मैत्रिणीबरोबर हाटेलात जाते. पयल्या आठवड्यात मी दिसते का तुमाला?"

पहिल्या आठवड्यात मालती दिसत नसे हे आईला ठाऊक होतं. तिची तेव्हा दुसरीकडे ड्यूटी असते अशी आईने आपली समजूत करून घेतली होती. खिशात पैसे नसले की सुरमई आणि असले की गैरहजर, हे तिच्या हिशोबात बसलंच नव्हतं. उधारी देणारी ती, तिचा आकडा डोक्यात ठेवणारी ती, आणि निकाल देताना ती उधारी विसरणारीही तीच. "आणि लिसी?" तिने हळूच विचारलं.

"मी रोज कॅश देते ना काकी," लिसी म्हणाली. "जेवढा आहे तेवढाच खाते. पगार मालतीपेक्षा दीडपट आहे. लेकिन लोन आहे माझा."

एकदा पैशाचा विषय निघाल्यावर मग कोण थांबतंय? आजवर तोंड शिवून जेवलेल्या सगळ्या बायका एकदम बोलायला लागल्या. कोणाचा पगार किती, कोणाचा पीएफ कापतात पण भरत नाहीत, कोण परदेशी जायच्या तयारीत. लिसीने मला एक रिकामं ताट आणायला सांगितलं. माझ्या हातातल्या पातेल्यातून तिने ताटात भाताचे दोन ढीग केले, एक लहान, एक मोठा. "हा मालतीचा पगार. हा माझा." मग मोठ्या ढिगातून दोन डाव भात उचलून पातेल्यात परत टाकला. "हा हप्ता." उरलेला ढीग मालतीच्या ढिगापेक्षा लहान झाला.

"बघलास?" आई जिंकल्यासारखी म्हणाली.

"रुको ना काकी. हप्ता पाच वर्षं. माझे तीन झाले, दोन राहिले. मग काय?" तिने दोन डाव परत ढिगावर घातले आणि वर आणखी एक घातला. "मग इन्चार्ज, मग ट्यूटर. मालती पण वाढेल, लेकिन हळू."

"मी हाय तिथं बरी हाय," मालती सुरमईचा काटा काढत म्हणाली. "डोक्याला ताप नाय."

"बरोबर आहे तिचं पण," लिसी म्हणाली. आणि मग तिने एक गोष्ट केली जी मी कधी विसरले नाही. तिने मोठा ढीग सगळाच्या सगळा पातेल्यात ढकलला. ताटाचा तो भाग रिकामा झाला. ती माझ्याकडे वळली. "आणि हे पण बघ रश्मी. डिग्री झाली आणि जॉब नाही लागला, तर हा पगार. हप्ता थांबत नाही." तिचे पहिले चार महिने असेच गेले होते, ती म्हणाली, आणि तेव्हा तिच्या वडिलांनी घरची म्हैस विकून पैसे पाठवले.

"आता भाताशी खेळ पुरे," आई म्हणाली, पण तिचा आवाज मवाळ होता. तो सगळा भात तिने त्यांच्याच पानांत वाढला, आणि त्या दिवशी लिसीच्या ताटात न मागता एक तुकडी पडली. पैसे घेतले नाहीत.

माझ्या विद्यार्थिनी आता मला हाच प्रश्न विचारतात. कोणी फोनवरच कर्जाचा अर्ज भरून येते आणि मग विचारते, मॅडम, फेडता येईल ना? मी त्यांना कागदावर मांडून दाखवते, कँटीनमधला भात आता कोणी मला उपसू देणार नाही. पण तिसरं चित्र, ते रिकामं ताट, मी न चुकता काढते. ते बघून एखादी मागे फिरली तर मला वाईट वाटत नाही. मालतीने पुढे गावाकडे सरकारी नोकरी धरली, घर बांधलं, आणि ती माझ्यापेक्षा कमी सुखी आहे असं मला तिच्याकडे बघून तरी कधी वाटलं नाही.

त्या रविवारी संध्याकाळी आमच्या घरात गंमत झाली. बाबा फिरले. रिकामं ताट त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना. गिरणी बंद पडली तेव्हाचे दिवस त्यांना आठवले असणार. "डिप्लोमा काय वाईट नाय," ते म्हणाले. "स्टायपेंड गावता. कर्ज नको बाबा." आणि आई? आई आपल्या चुकलेल्या हिशोबाने इतकी चिडली होती की ती सरळ दुसऱ्या टोकाला गेली.

"पाच वर्षां आमटी खाल्ल्यान तर चेडू मरत नाय," ती म्हणाली. "लिसी काय मेली? कशी टुणटुणीत आसा!"

"आणि नोकरी नाय लागली तर?"

"तर मी आसंय. तुमच्या गिरणीच्या संपात मी नवी नवरी होतंय. सासूबाईंनी आणि मी अख्ख्या चाळीक उधारीर जेवूक घातला. कोण पैशे देतलो, कोण गावाक पळतलो, तेव्हा आमी बघलाव? आणि आता माझ्या चेडवाक उधारीर शिकवूक मी भियाव?"

त्या उधारीवर जेवणाऱ्यांमध्ये बाबाही होतेच. मला मात्र भीती वाटत होती, खूप वाटत होती. आईने असं बोलल्यावर तर जास्तच. मी नापास झाले, नोकरी लागली नाही, तर हे डोंगराएवढं कर्ज ह्या दोघांच्या डोक्यावर बसणार होतं, आणि ते फेडायला आईकडे स्टोव्हशिवाय काही नव्हतं. मी गॅलरीत जाऊन उभी राहिले. खाली मुलं क्रिकेट खेळत होती, कोणीतरी आउट असल्याचं मान्य करत नव्हतं. थोड्या वेळाने लिसी छत्री विसरली म्हणून परत आली, तेव्हा मी तिला फीचा कागद दाखवला. तिने तो वाचला, आणि कपाळाला हात लावला.

"हॉस्टेल? मेस? एक लाख?" ती ओरडली. "रश्मी, तू पागल आहेस काय? शीव किती लांब आहे? बसने जा. आम्ही मेस सोडून तुझ्या आईकडे जेवायला येतो आणि तू लोन काढून दुसऱ्याच्या मेसमध्ये जेवणार?"

हे आमच्या तिघांच्याही डोक्यात आलं नव्हतं! कॉलेज म्हणजे हॉस्टेल, असं कागदावर होतं आणि आम्ही तो कागद पवित्र मानला होता. खानावळवालीची मुलगी मेसचे पैसे देण्यासाठी कर्ज काढायला निघाली होती. आई एवढी हसली की तिला ठसका लागला. कर्ज एका झटक्यात तीन लाखांचं दोन लाखांवर आलं. लिसीने तिथेच बोटांवर हप्ता काढून दाखवला. तिच्या दोन डावांऐवजी माझ्या ढिगातून भाताचा एकच डाव जाणार होता. आणि मी आईबाबांच्या मध्ये उभी राहून सांगितलं, "मी डिग्री करणार. हप्ता मी भरणार. नोकरी नाही लागली तर आईच्या हाताखाली भाकऱ्या थापीन, पण भरीन." माझ्या भाकऱ्या कशा होतात हे माहीत असल्यामुळे बाबांनी चेहरा पाडला, पण मग मान हलवली.

बँकेत आम्ही तिघं गेलो. बाबा इस्त्रीच्या शर्टात, आई ठेवणीतल्या लुगड्यात नव्हे तर, फार विचार करून, पाचवारी साडीत. मॅनेजर भला माणूस होता, जेवायची वेळ जवळ आली होती आणि तरी तो नीट बोलत होता. आईवडिलांपैकी कोणाचं तरी उत्पन्न दाखवावं लागेल, तो म्हणाला. बाबांनी आपला दुकानातला पगार सांगितला. मॅनेजरने ओठ मुडपले. एवढ्यावर जमेल असं वाटत नाही, तो म्हणाला. इतकं सगळं होऊन आता इथे अडणार होतं.

"आणि बाई काही करतात?"

"घरीच असते," बाबा म्हणाले. सवयीने म्हणाले, मुद्दाम नाही.

"खानावळ आहे," मी म्हणाले.

मॅनेजरने पहिल्यांदा आईकडे पाहिलं. "अच्छा? महिन्याला किती सुटतात?"

आई गोंधळली. लोकांचे पगार ताटांवरून काढणाऱ्या माझ्या आईने आपल्याला किती मिळतात ह्याचा विचार कधी केला नव्हता. पैसे येत, तांदळाला जात, माशाला जात, रॉकेलला जात, माझ्या फीला जात, खोलीच्या भाड्याला जात. जे येतं ते जातं, एवढंच तिला माहीत. "साहेब, सुटत काय नाय," ती म्हणाली. "घर चालतं."

"मग आपण काढू," मॅनेजर म्हणाला आणि त्याने कॅल्क्युलेटर पुढे ओढला. रोज किती माणसं? ताट कितीला? तुकडी कितीला? सोलकढी असते का? आई सांगत गेली. तिला अडखळावं लागलं नाही, सगळं तोंडपाठ होतं. मग खर्च विचारला, तोही तिने सांगितला, कोथिंबिरीच्या जुडीपासून. मॅनेजरने वजाबाकी केली, आकड्याकडे पाहिलं आणि कॅल्क्युलेटर आमच्याकडे फिरवला.

बाबा पुढे वाकले. "साहेब, परत करा."

त्याने परत केलं. तोच आकडा. बाबांच्या पगाराच्या जवळजवळ दुप्पट. आणि गिरणीत बाबांना जे मिळत होते, ज्याचा रुबाब आमच्या घरात अजून टिकून होता, त्याहूनही कितीतरी जास्त.

मला वाटलं बाबांना लागेल. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं. पण ते खुर्चीत मागे टेकले आणि असे हसले की काउंटरवरची माणसं वळून बघायला लागली. "अगो, म्हणजे इतकी वर्षां मी तुझ्या जिवार बसलंय!"

"माका काय ठावक?" आई लाजून म्हणाली. "तुमी रोज कामार जायत होतास."

कर्ज मंजूर झालं. माझ्या नावाखाली आईचं नाव लागलं, आणि त्या दिवसापासून आईचा नूरच पालटला. कर्ज हा शब्द ऐकून लोक आवाज खाली करतात, आई आवाज वर करायची. नळावर, मासळी बाजारात, गणपतीच्या मांडवात, ती सगळ्यांना सांगायची, "बँकेन माका दोन लाख दिल्यान. माझो धंदो बघून दिल्यान." सावंतकाकूंना तर तिने हे इतक्या वेळा सांगितलं की त्यांनीही खानावळ काढायचा विचार सुरू केला.

मी चार वर्षं बसने गेले आणि आले. नोकरी लागायला वेळ लागला, ते रिकामं ताट मीही पाहिलं, आणि ते महिने हप्ता आईने भरला, एकदाही बोलून न दाखवता. मग मला नोकरी लागली आणि पाच वर्षं मी आमटीवर काढली, म्हणजे तसं म्हणायचं. आईच्या घरी राहणाऱ्या मुलीला आमटीवर कोण ठेवतंय? शेवटचा हप्ता भरला त्या दिवशी बँकेने कर्ज फिटल्याचं पत्र दिलं. मी पेढे घेऊन घरी आले. बाबांनी पेढा खाल्ला आणि पत्र देवापुढे ठेवलं. आई भाकरी थापत होती. तिने पेढा हातात घेतला, पण खाल्ला नाही.

"काय झालं गं?" मी विचारलं.

"म्हणजे आता बँकेत माझा नाव नाय?"

"नाही. फिटलं ना सगळं."

आईने पेढा बाजूला ठेवला. मग तिने भाकरी तव्यावर टाकली, तिच्यावरून पाण्याचा हात फिरवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "मगे परत कायतरी शीक. मी आसंय."